तिसऱ्यांदा विचारणारं हॉस्पिटल

ती. इंगाआत्येस,

क्लीव्हलँडहून आर्लोचा वाकून नमस्कार. (वाकूनच करावा लागतो. माझी खोली माळ्यावरची आहे आणि छपराचा उतार खुर्चीपाशीच सुरू होतो.) तुझा गुडघा कसा आहे? ‘ठीक आहे’ असं तू म्हणशीलच. मागे बर्फावर घसरून मनगट मोडलं तेव्हाही तू फोनवर ‘ठीक आहे’च म्हणालीस, आणि खरं काय ते शेजारच्या ओलाफसनबाईंकडून कळलं. इकडे मीही ठीक आहे. (आईबाबांच्या मागे तुझ्याच घरात वाढलोय, दुसरं काय म्हणणार?)

तू विचारलं होतंस, निवासी डॉक्टरच्या जागेसाठी एवढी हॉस्पिटलं पालथी घालतोयस, तर कानटोपी घालतोस ना? आत्या, मी कुठेही जात नाही. हल्ली इंटरव्ह्यू कॅमेऱ्यासमोर होतात. कमरेच्या वर कोट-टाय आणि खाली तू विणलेले लोकरीचे मोजे, अशा अवतारात मी अर्धी अमेरिका याच खुर्चीतून पाहिली. ते मला पारखतात, मी त्यांना पारखायचं. मग दोघांनी पसंतीची यादी द्यायची, आणि मार्चमध्ये कम्प्युटर पत्रिका जुळवून लग्न लावून देतो. पुढची तीन वर्षं नांदायचं कुठे, याचा प्रश्न असल्यामुळे नीट पारखावं म्हणतो, पण पारखणार काय? सगळे हसतात. सगळे म्हणतात, आम्ही म्हणजे एक कुटुंबच. शेवटी विचारतात, तुम्हाला काही विचारायचंय? मी शहाण्यासारखं रात्रपाळ्यांबद्दल विचारतो. खरं विचारायचं असतं ते असं, की संध्याकाळी दमून घरी गेल्यावर तुमच्याशी कोण बोलतं? ते काही तोंडातून निघत नाही. मग ‘भेटून आनंद झाला’ म्हणत सगळं कुटुंब एका झटक्यात नाहीसं होतं, आणि काळ्या काचेत टाय लावलेला मी तेवढा उरतो. फार एकटं वाटतं गं आत्या.

त्यात तुझ्या वळणाने माझा घात केला. पूर्वेकडच्या एका बड्या हॉस्पिटलच्या प्रमुखबाई स्वतःहून म्हणाल्या, तुम्ही आलात तर आम्हाला आनंदच होईल. आता तुझ्या घरात वाढलेला माणूस कॉफीलासुद्धा दोनदा ‘नको’ म्हटल्याशिवाय हात लावत नाही. मी म्हणून गेलो, “छे छे, माझ्यासाठी कशाला त्रास!” त्या गोंधळल्या. म्हणाल्या, म्हणजे तुम्हाला खरंच यायचंय ना? मी म्हणालो, “नको हो, माझ्यापेक्षा चांगली मुलं असतील तुमच्याकडे.” ‘बरं, तुम्ही एवढं म्हणताय तर’ हे वाक्य जिभेवर तयार ठेवून मी वाट बघत बसलो, आणि बाईंनी आभार मानून कॅमेरा बंद केला. तिसऱ्यांदा विचारलंच नाही! (ही माणसं पाहुण्यांना उपाशीच परत पाठवत असणार.) शिकागोच्या हॉस्पिटललाही मी हेच केलं. जित्याची खोड.

राहिलं आपल्या उत्तर डकोटातलं ग्रँडफील्ड. त्यांच्याकडे इंटरव्ह्यूच्या आदल्या संध्याकाळी निवासी डॉक्टरांशी कॅमेऱ्यावरच मोकळ्या गप्पा असतात. गप्पांना उगवली एकटीच, डॉक्टर मारित एंगेन, आणि तीही स्वतःची ओळख करून देता देता झोपी गेली. झोपली म्हणजे चक्क घोरायला लागली. उठवणं बरं दिसेना, आणि न सांगता निघून जाणं तर त्याहून वाईट. शेवटी मी बटाट्याचं सूप गरम करून आणलं आणि तिच्यासमोर बसून जेवलो. सांगायला लाज वाटते, पण या हिवाळ्यात कुणाच्या सोबतीनं जेवलो ते एवढंच. वाक्याच्या मध्येच डॉक्टर झोपते तिथे काम किती असेल हे मला कळतं. शहाण्याने त्या नावावर तिथेच काट मारली असती.

ती दचकून उठली. “अगं आई! फार वेळ झोपले का मी?”

“नाही, नाही.”

“थापा मारू नकोस. वाडगा रिकामा झालाय तुझा.”

तेव्हा मात्र मी धीर करून विचारलं, दमून घरी गेल्यावर तुझ्याशी कोण बोलतं? ती म्हणाली, “कुणी नाही. मांजर आहे, तेही रुसलेलं असतं. पण माझे बाबा गेले ना, तेव्हा माझ्या पाळ्या कुणीतरी परस्पर करून टाकल्या. कुणी, ते अजून कळलं नाही. ज्याला विचारावं तो म्हणतो, मी नाही बुवा.” मग म्हणाली, ये की आमच्याकडे. मी म्हणालो, छे, कशाला! ती म्हणाली, खरंच ये. मी म्हणालो, नको, उगाच तुम्हाला. तिने डोळे बारीक केले.

“कुठला रे तू?”

“सोलहेमचा. उत्तर डकोटातलाच.”

“तरीच! बरं बाबा, तिसऱ्यांदा विचारते. येतोस का?”

कसाबसा म्हणालो, “बरं, तू एवढं म्हणतेयस तर.”

ओलाफसनबाईंना नमस्कार सांग. गुडघ्याला शेक देत जा.

तुझा,
आर्लो

ता. क. ग्रँडफील्ड तुझ्या दारापासून गाडीने पाऊण तासावर आहे, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. तिकडे तुझ्यापाशी राहायला येऊ का, असं मी शरद ऋतूत विचारलं तेव्हा तू म्हणालीस, नको रे, इथे काय ठेवलंय! नाताळात विचारलं तेव्हा म्हणालीस, माझ्यापायी अडकू नकोस. झालं दोनदा. आता तिसऱ्यांदा विचारतोय. आत्या, येऊ?

आणखी एक. यादी मी पाठवून दिलीय आणि पहिलं नाव ग्रँडफील्डचंच आहे. तेव्हा विचारतोय ते हॉस्पिटलचं नाही, घराचं. तोंडाने ‘हो’ म्हणणं जड जात असेल तर म्हणू नकोस. मागच्या खोलीतल्या माझ्या पलंगावर तू मुरंब्याच्या बरण्या मांडून ठेवल्यायस, त्या तेवढ्या खाली उतरव. ओलाफसनबाई मला कळवतीलच.