माती मोकळी होईपर्यंत

पेल्की, मिशिगन
२१ जानेवारी १९७४

सौ. सिल्वी वॉइचिक यांस,
स. न. वि. वि.

आई ९ तारखेला सकाळी गेली. दोन दिवस छातीत कफ होता. डॉक्टरांना निरोप धाडला, पण बर्फानं रस्ता बंद होता. चर्चमधली प्रार्थना १२ तारखेला झाली. माती दगडासारखी गोठलेली आहे, म्हणून पेटी दफनभूमीच्या दगडी कोठीत ठेवली आहे. यंदा तिथे ती धरून पाच जण आहेत. मे महिन्यात जमीन मोकळी झाली की पुरायचं. तारीख कळवीन. यायचं असल्यास यावं.

फोन करू नये. आमच्या फोनच्या एकाच लाइनीवर सहा घरं आहेत आणि सहाही घरांना कान आहेत.

कळावे.
आर्वो लाहती


डेट्रॉइट
३० जानेवारी १९७४

आर्वो,

स. न. वि. वि. म्हणे! मी काय तुमच्या दूध सोसायटीची चिटणीस आहे? तीन वर्षांनी मोठी बहीण आहे तुझी. बुटाची नाडी बांधायला तुला मी शिकवलं.

आई गेल्याचं बारा दिवसांनी लिहितोस, तेही नोटीस लावल्यासारखं. पत्र मी स्वयंपाकघरात उभ्यानंच वाचलं आणि उरलेले बटाटे सोलून संपवले. दुसरं काय करावं ते सुचेना.

बाबांच्या वेळीही तू असंच केलंस. आईचं पत्र आलं की त्यांना झटका आलाय, निघून ये. मी तार केली की निघते. त्यावर तुझी तार: येऊ नकोस, बाबांना तुझं तोंड बघायचं नाही. माझ्या अंगात कोट होता, बॅग दारात होती. स्टॅनशी, एका कॅथलिक माणसाशी लग्न केलं म्हणून ते अकरा वर्षं बोलले नाहीत, ते मी सोसलं. पण मरतानासुद्धा? त्यानंतर मी आईलाही लिहिलं नाही. तिचंही पत्र आलं नाही. मी धरून चालले की तीही त्यांच्याच बाजूची.

आता एवढंच सांग, आई कधी माझं नाव काढायची का? काढत नसेल तरी तसं सांग.

सिल्वी


पेल्की
३ मार्च १९७४

प्रिय सिल्वी,
देवाची शांती तुझ्यासोबत असो. वि. वि.

तुला तीनदा उत्तर लिहिलं आणि तीनदा चुलीत घातलं. हे मात्र पोस्टात टाकूनच घरी येणार आहे.

ती तार बाबांनी सांगितलेली नव्हती. ती माझी होती.

त्यांची डावी बाजू गेली होती, पण जीभ शाबूत होती. रस्त्यावर गाडी वाजली की विचारायचे, सिल्वी आली का? मी त्यांना कुशीवर वळवत होतो, त्यांचं सगळं काढत होतो, दोन वेळा गाई पिळत होतो. पंधरा वर्षं त्यांच्या हाताखाली राबलो, पण आर्वो, बरं केलंस, असं एकदाही त्यांच्या तोंडून निघालं नाही. तुझी तार दुकानात माझ्या हातात पडली. मनात आलं, ही आता दारात उभी राहील, सगळं विसरलं जाईल, आणि आपण पुन्हा गोठ्यातला गडी. तिथल्या तिथे उलट तार लिहिली. घरी येऊन सांगितलं की तिचं काही उत्तर नाही. पुढच्या आठवड्यात बाबा गेले. आई सात वर्षं तेच खरं मानून जगली.

नाव म्हणशील तर माझ्यासमोर फारसं काढायची नाही. पण दर हिवाळ्यात मागावर चिंध्यांची एक सतरंजी जास्तीची विणायची आणि कोणी मागितली तरी द्यायची नाही. सात आहेत.

नाताळाच्या दुसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. तिला सगळं सांगून टाकलं. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. संध्याकाळी म्हणाली, कागद आण. पण पेन धरवेना, अक्षर उमटेना. मग म्हणाली, तूच लिही. आईला ठाऊक नव्हतं म्हणावं, आणि तिच्या मुलीचं नाव काय ठेवलंय ते विचार. तुला मुलगी झाल्याचं तिला चर्चमधल्या कोणाकडून तरी कळलं होतं. मी म्हटलं, लिहितो, नवीन वर्ष लागलं की लिहितो. तुझी भीती वाटत होती गं. मी लिहायच्या आधीच ती गेली.

लोभ मागायला तोंड नाही.
आर्वो


डेट्रॉइट
१६ एप्रिल १९७४

आर्वो,

सहा आठवडे लेखणी हातात घेववली नाही. स्टॅनला पत्र वाचून दाखवलं. तो म्हणाला, गाडी काढतो आणि तुझ्या भावाला बडवून येतो. मग जरा वेळानं म्हणाला, नको, तो स्वतःच स्वतःला पुरेसा बडवत असेल. मला तसं वाटत नाही.

मुलीचं नाव तेरेसा. माझ्या सासूचं. पोटात होती तेव्हा आईचंच नाव ठेवायचं माझ्या मनात होतं, पण रागाच्या भरात बदललं. हे आता कोणाला सांगू?

मी येईन, आईसाठी. तुझ्या घरी उतरणार नाही. तारीख कळव.

सिल्वी


पेल्की
१३ मे १९७४

प्रिय सिल्वी,
सा. न. वि. वि.

जमीन सुटली. खणायला माणसं मिळत होती, पण मी नको म्हटलं. हातभर खाली अजून बर्फाचे खडे लागतात. दफन शनिवारी, १८ तारखेला, अकरा वाजता. त्या दिवशी साउनाची न्हाणी तापवून ठेवीन. घरी उतरली नाहीस तरी निदान आंघोळ करून जा. तेवढा वेळ मी गोठ्यात थांबेन.

वाट पाहतो.
आर्वो


डेट्रॉइट
४ जून १९७४

प्रिय आर्वो यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

नीट पोचले. सतरंज्यांचं गाठोडं बसमध्ये मांडीवरच ठेवलं होतं. शेजारच्या बाईनं विचारलं की विकायला नेताय का. मी नाही म्हणाले आणि रडायला लागले. बिचारी उठून मागच्या बाकावर गेली.

कबरीवर माती लोटून झाल्यावर तू सगळ्यांसमोर माझ्याकडे वळलास आणि माफी मागितलीस. आपल्या चर्चमध्ये मागितली की द्यायचीच असते. चाळीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत उभी होती, पण मला शब्द फुटला नाही. बसच्या पायरीवरही फुटला नाही. तुला लागलं असेल. लागू दे. माझ्यापुरती असती तर दिलीही असती रे. पण बाबा दाराकडे बघत गेले आणि आईनं सात हिवाळे काढले. त्यांच्या वाटची माफी मी कुठून आणू?

पण कॉफी ओतताना तू किटली डाव्या हातानं उचललीस. उजवा खांदा वरच जात नाही तुझा. मला दिसत नाही असं वाटलं का? एकोणीस गाई, आणि हा असला खांदा. गवत कोण कापणार? स्टॅनला जुलैत दोन आठवडे सुट्टी असते. आम्ही तिघं येतो. त्याला मोटारीचं सगळं कळतं, गवताचं काही कळत नाही. त्याला हसलास तर माझ्याशी गाठ आहे.

तेरेसा रोज विचारते, वासरं किती आहेत. तिला मी एवढंच सांगितलंय की तिकडे तुझा एक मामा आहे. बाकीचं काही सांगितलं नाही आणि सांगणारही नाही. ती समजण्याजोगी झाली की तू तिला जवळ बसवून सांग. सगळं, तुझ्याच तोंडानं.

तुझा लोभ असू दे. माझा किती उरलाय ते मलाच अजून नीट कळलेलं नाही.

तुझी
सिल्वी