तो आवाज त्याचा नव्हता

द्वारका, १९ फेब्रुवारी

सुधन्वा,

आशीर्वाद. आईची शुगर आटोक्यात आहे, गुडघाही आता बराय. बाल्कनीत उन्हाला बसून मटार सोलत असते आणि सरोजिनी नगरच्या क्वार्टरमधल्या शेजारणींच्या गोष्टी सांगते. बाबा असते तर म्हणाले असते, कुसुम, तेच तेच किती वेळा सांगशील. थंडी ओसरली. सकाळचं धुकं मात्र अजून आहे, त्यामुळे विमानं उशिरा उतरतात आणि दिवसभर डोक्यावर घरघर चालू असते.

फोन न करता कागदावर लिहितेय याचं तुला नवल वाटेल. मोबाइलवर लिहिलेलं तू कुणाला दाखवशील याचा मला आता भरवसा उरलेला नाही. कागदही दाखवता येतोच म्हणा. पण निदान तुला तो हातात धरून वाचावा लागेल.

तुझा तो कार्यक्रम मी ऑफिसात पाहिला. कॅन्टीनमध्ये सगळे पोळीचा घास हातात धरून तुमच्या चॅनेलकडे बघत होते. पडद्यावर धुकं, विमानाचं चित्र, आणि तो आवाज, ‘सॉरी यार, गलती मेरी है.’ मग किंकाळी. मग तू, सूटबुटात, गंभीर चेहरा करून. ‘पायलटनेच कबूल केलं.’ कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत ‘नाट्यरूपांतर’ लिहिलं होतं, ते कुणीच वाचलं नाही. मी डबा तसाच झाकून उठले. ऑफिसात सांगितलं की ॲसिडिटी झाली.

सुधन्वा, तो आवाज कॅप्टन हेरंब सान्यांचा नव्हता. मी खरा ऐकलाय. मोहरीच्या शेतात कोसळलेल्या त्या एअर ॲम्ब्युलन्सचा ब्लॅक बॉक्स काढून आणला तेव्हापासून तो आवाज माझ्या कानात आहे. त्यात काय आहे ते मी तुला सांगणार नाही. आईलाही सांगितलेलं नाही. अपघात का झाला एवढंच शोधण्यासाठी ते रेकॉर्डिंग असतं, कुणाला फासावर चढवायला नाही, असं आमचा अपघात-चौकशीचा कायदा म्हणतो. म्हणून तर उद्या दुसरा कुठला पायलट मनमोकळं बोलेल. मेलेल्यांच्या शेवटच्या शब्दांना कुलूप असतं आणि ते आम्ही सांभाळायचं असतं.

दुसऱ्या दिवशी सुरुची साने आल्या. त्यांची बायको. नागपूरच्या, इथेच द्वारकेत राहतात. मला वाटलं रडतील, पण त्या अगदी शांत होत्या. पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या आणि एकच विचारलं.

“हेरंब असं म्हणाला होता का?”

मी म्हटलं, सांगता येत नाही. अहवाल प्रसिद्ध होईपर्यंत काहीच सांगता येत नाही.

“हो की नाही, एवढंच सांगा.”

मी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अगदी बारकाईने, रागाने नाही. म्हणाल्या, “मला सांगता येत नाही, आणि टीव्हीवाल्यांना सांगता येतं?”

चहा तसाच ठेवून त्या गेल्या. नोकरीला लागल्यापासून मी जळलेली विमानं पाहिली, त्यातली माणसं पाहिली. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

आणि त्याच आठवड्याच्या रविवारी तू जेवायला आलास. आईने अळूवड्या केल्या होत्या. तू खूश होतास, त्या कार्यक्रमाने चॅनेल टीआरपीत वर गेलं म्हणून. मी विचारलं, हे तुला मिळालं कुठून? मला वाटलं सांगणार नाहीस. तू अळूवडी तोंडात टाकत सहज सांगून टाकलंस, विमान कंपनीचा ऑपरेशन्सवाला खुराना. रेकॉर्डिंगमधले आवाज ओळखायला आम्ही त्याला एकदा आत बसवलं होतं. बाहेर पडताच गाडीतून त्याने तुला फोन केला. त्याने ते एक वाक्य सांगितलं आणि तुम्ही नोएडात एका नटाकडून ते म्हणून घेतलंत.

मी म्हटलं, त्या वाक्याच्या आधी काय होतं, पुढे काय होतं, विचारलंस त्याला?

तेव्हा तू जे बोललास ते तुला आठवतही नसेल. “ताई, मेलेला माणूस कोर्टात जात नाही. चलो, भात वाढ.”

मी भात वाढला. त्याचं मला अजून आश्चर्य वाटतं. तुझ्या हाताकडे बघत होते, वरण कालवणाऱ्या. लहानपणी तो हात धरून मी तुला शाळेच्या बसपर्यंत नेत असे. तोच हात बघून मला शिसारी आली. सख्ख्या भावाची शिसारी येऊ शकते हे मला माहीत नव्हतं.

इथवर लिहून उठले होते. चहा केला, आईला औषध दिलं. आता पुढचं लिहायलाच हवं.

सोमवारी मी आमच्या प्रमुखांकडे गेले. विनायकराव सभ्य गृहस्थ आहेत, निवृत्तीला आलेत. सगळं ऐकून म्हणाले, घरातल्या जेवणावरचं बोलणं घरातच राहू द्या. कंपनीला कडक शब्दांत पत्र पाठवू. मी म्हटलं, सर, आपण कुणालाही समन्स काढू शकतो, शपथेवर जबाब घेऊ शकतो, कुठल्याही ऑफिसात शिरून वस्तू ताब्यात घेऊ शकतो. त्यासाठी मंत्रालयाला विचारावं लागत नाही. म्हणूनच तर आपल्याला स्वतंत्र म्हणतात ना? ते चष्मा पुसत म्हणाले, “अधिकार असतात मीनाक्षीबाई. ते वापरले की लोक ते काढून घेतात.”

तुझी शिसारी आली होती तशीच मला त्या खोलीची आली. तिथलं ते चकचकीत टेबल, भिंतीवरचं बोधचिन्ह, आणि एका खुरानाला घाबरणारे आम्ही सगळे.

मग मी तिथेच बसून माझा जबाब लिहून दिला. रविवारी काय बोलणं झालं, कोण बोललं, कुठे. खुरानाचं नाव लिहिलं. आणि तुझं. ‘माझा धाकटा भाऊ’ असंच लिहिलं. सही करून तो फाइलला लावून घ्या म्हटलं. एकदा फाइलला लागल्यावर विनायकरावांना काहीतरी करणं भागच होतं.

मला या चौकशीतून काढलंय. बरोबरच आहे, नातेवाईक गुंतला की काढतातच. पण जायच्या आधी कळलं की खुरानाचा फोन ताब्यात घेतलाय. तो सगळं नाकारतोय. तुला ओळखतही नाही म्हणे. म्हणजे आता तुझ्या शब्दावर आलंय.

तुझं समन्स आज दुपारी चॅनेलमध्ये पोचलं. ते पोचल्याचं कळेपर्यंत मी हे पत्र टाकणार नव्हते. आधी सांगितलं असतं तर तुझ्यात आणि खुरानात फोन झाले असते, आणि मग मीही त्याच रांगेत.

आईला काल सांगितलं. हातातली मटाराची शेंग सोलून तिने दाणे वाटीत टाकले. मग विचारलं, त्याला तुरुंगात टाकतील का? मी म्हटलं, आम्ही शिक्षा देत नाही गं, कारण शोधतो. पण शपथ घेऊन खोटं बोलला तर मग प्रकरण पोलिसांकडे जाईल.

आई म्हणाली, “मग जाईल.”

एवढंच. तुला बोल लावला नाही, मलाही नाही. मटाराच्या साली कचऱ्यात टाकल्या आणि आत जाऊन पडली. तू शपथेवरही खोटंच बोलशील, हे तुला जिने जन्म दिला तिचं मत आहे, सुधन्वा. हे पत्र त्यासाठी लिहिलं. मला तुझा राग येतो, किळस येते, ते मी बघून घेईन. पण आईचं ते वाक्य खोटं ठरावं असं मला फार वाटतं.

काय सांगायचं ते मी तुला सांगणार नाही. तो मला अधिकार नाही, मीही आता साक्षीदारच आहे. अहवाल येईल तेव्हा सगळ्यांसाठी येईल, सुरुची सान्यांसाठीही आणि तुझ्यासाठीही. तो तेवढाच वेळ आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरांत दाखवशील का, हे मी विचारत नाही. तू स्वतःला विचार.

जबाब होईपर्यंत रविवारी जेवायला येऊ नकोस. आईला भेटायचं असेल तर मला कळव, मी तेवढा वेळ बाहेर जाईन.

तुझी ताई,
आणि तुझ्याविरुद्धची पहिली साक्षीदार,
मीनाक्षी