पहिली लाभार्थी

१९ जानेवारी २०२५

मी लाभार्थी आहे. आज दुपारपर्यंत हा शब्द मला फक्त घरकुलाच्या यादीपुरता माहीत होता.

काल मोठेबाबांची, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची, तेरवी झाली. आज निघताना गुणवंतरावांनी मला एकटीला ओसरीत थांबवलं. मोठेबाबांचे जुने मित्र, पोस्टातून रिटायर झालेले. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत स्टॅम्प पेपरची झेरॉक्स. म्हणाले, 'धनराजनं हे घर आन मागची धानाची बांधी ट्रस्टमंधी टाकली हाय, मयुरी. म्या विश्वस्त. तू लाभार्थी. पन दुसरी.'

पहिली कोण, विचारलं.

'सुगंधाबाई.'

मोठीमाय. मोठेबाबांची बायको. सोळा वर्षांपूर्वी मोहफुलं वेचायला जंगलात गेली, ती आलीच नाही. मी सतरा वर्षांची होते. हाडूकसुद्धा सापडलं नाही.

पोंभुर्ण्याहून चंद्रपूर, चंद्रपूरहून भद्रावती. रात्री बाबांसोबत त्यांच्या फॅक्टरीच्या क्वार्टरवर पोचले.

२३ जानेवारी

चंद्रपूरला निशाताईकडे जाऊन आले. शाळेत मला दोन वर्षं पुढे होती, आता वकिली करते. तिनं जे सांगितलं ते विसरायच्या आत लिहून ठेवते.

मृत्युपत्र माणूस मेल्यावर लागू होतं. ट्रस्ट माणूस जिवंत असतानाच सुरू होतो, आणि तो मेला म्हणून थांबत नाही. मोठेबाबांनी २०१७ सालीच केला. घर कागदोपत्री गुणवंतरावांच्या नावावर, पण ते त्यात एक रात्रही आपल्या हक्कानं राहू शकत नाहीत. ते फक्त सांभाळणार. राहणं, उपभोग घेणं लाभार्थीचं. लाभार्थी विश्वस्ताला जाब विचारू शकते, कागद दाखवा म्हणू शकते, तो चुकला तर कोर्टात जाऊ शकते.

मोठीमाय जिवंत असेपर्यंत घर तिचं. तिच्यानंतर माझं, पूर्ण. मग ट्रस्ट संपला.

'पण ती तर –' मी म्हणाले.

'मेली असं कोणी लिहून दिलंय का?'

कोणीच नाही. सात वर्षं ज्याची काही खबर नाही त्याला कोर्ट मृत मानतं, पण आपल्या आपण नाही. कोणीतरी जाऊन मागावं लागतं. मोठेबाबांनी कधी मागितलं नाही.

'आता मागणारी तूच उरली,' निशाताई म्हणाली.

बाबा जूनअखेर फॅक्टरीतून रिटायर होतात. क्वार्टर सोडावं लागेल. ते अतुलकडे नागपूरला जाणार, तिथे दोन खोल्यांत माझा भाऊ, वहिनी, दोन पोरं. मला 'तू बी चाल' म्हणतात, पण कुठे झोपू ते सांगत नाहीत. नवऱ्याचं घर सोडून तीन वर्षं झाली. शिलाई मशीन ठेवायला जागा मिळाली तरी माझं कुठेही चालेल.

२ फेब्रुवारी

घर पाहायला गेले. लाभार्थी म्हणून पहिल्यांदा.

गुणवंतरावांनी कुलूप काढलं. दार ढकललं, पण आत गेले नाहीत. उंबऱ्याबाहेर उभे राहून साध्या आवाजात म्हणाले, 'सुगंधाबाई, म्या गुणवंत. संग मयुरी हाय.' आणि थांबले. मीही थांबले. दुपारचे दोन. आतून काहीच आवाज नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी 'हो' अशी मान हलवली आणि चप्पल काढून आत गेले.

विचारलं, हे काय? म्हणाले, 'ज्याचं घर त्याले विचारून जावं.'

मधली खोली मोठीमायची. खाटेवर घडी घातलेली गोधडी. धुतलेलं लुगडं दांडीवर. तेलाची बाटली, कंगवा. कोपऱ्यात मडकं, वर पेला. मी झाकण उचललं. पाणी ताजं होतं.

ट्रस्टच्या कागदात कलम आहे, चौथं. 'सदर घर, प्रथम लाभार्थी केव्हाही परत आल्यास त्याच दिवशी राहू शकतील अशा स्थितीत ठेवावे.' गुणवंतरावांना पाठ आहे. दर सोमवारी पाणी बदलतात. आठ वर्षं झाली.

३ फेब्रुवारी

दिवसभर ब्लाउज शिवले. एकाची बाही उलटी लागली. त्यांनी मान कशाला हलवली?

१६ फेब्रुवारी

निशाताई म्हणाली होती, कागद माग, तुझा हक्क आहे. मागितले. गुणवंतरावांनी एक जाड वही दिली. दर महिन्याची एक ओळ, पोस्टातलं सुबक अक्षर. 'प्रथम लाभार्थी आल्या नाहीत.' पुढच्या महिन्यात तेच. पानंच्या पानं तेच.

नोव्हेंबर २०२२ पासून तारीख आहे, पुढे कोरं. तेव्हापासून आजपर्यंत सगळं कोरं.

'काऊन लिहिलं नाही?'

'खोटं लिहाची मले मनाई हाय. विश्वस्त हाओ म्या.'

'मग आल्या म्हणून लिहा.'

'ते बी म्या पाह्यलं नाई.'

मग हळूहळू सांगितलं. त्या महिन्यापासून सोमवारी कुलूप काढलं की मडक्यातलं पाणी कमी असायचं. बाहेर मागचं आंगण झाडलेलं. कधी लुगडं दुसऱ्या घडीचं. कौलं तपासली, खिडक्या तपासल्या. मोठेबाबांना सांगितलं – ते तोवर मूल गावी, दूरच्या नात्यातल्या पुतणसुनेकडे, दवाखान्यासाठी राहायला गेले होते – तर ते म्हणाले, 'कुलूप बदलू नको.' एवढंच.

परत येताना शेजारच्या धुरपताबाईकडे चहा घेतला. त्या दिवशी जंगलात मोठीमायच्या सोबत त्याच होत्या. मी कधी विचारलं नव्हतं. आज विचारलं.

'आमी दोगी एकाच झाडाखाली होतो. म्या वाकून येचून राह्यली होती. मांगं पाह्यलं तं टोपली होती, बाई नव्हती. टोपलीत फुलं पडून राह्यली होती.'

'वाघ?'

'वाघ नेते तं आवाज येते, पोरी. जमीन उकरते. तिथी पानं जशीच्या तशी होती.'

हे सांगताना त्या मोठेबाबांच्या घराकडे बघत नव्हत्या. मुद्दाम पाठ करून बसल्या होत्या.

२७ फेब्रुवारी

सही केली. सुगंधाबाईंना मृत घोषित करावं, असा अर्ज. माझी सही, माझं नाव, खाली 'लाभार्थी'.

बाबांना सांगितलं.  मग म्हणाले, 'वहिनीनं मले भाकर देल्ली हाय पोरी, दहा वर्षं. पन तुले बी घर पाह्यजे.' आणि उठून अंघोळीला गेले. अंघोळ सकाळीच झाली होती.

१४ मार्च

पेपरात जाहीर नोटीस आली. तळहाताएवढी. 'सुगंधाबाई धनराज... हयात असल्यास अथवा त्यांच्याविषयी कोणास माहिती असल्यास...' हे वाचून ती स्वतः हजर झाली तर, असं क्षणभर वाटलं. कापून ठेवली नाही.

३० मार्च

गुणवंतरावांना ताप. त्यांची किल्ली घेऊन मीच गेले. मोह पडायला लागलाय, सगळ्या वाटेला वास.

दारात उभी राहिले. नाव सांगायचं नाही असं ठरवलं होतं. तरी तोंडातून गेलं – 'मोठीमाय, मी मयुरी.'

पाणी अर्धं होतं. मागच्या आंगणात पोत्यावर मोहफुलं वाळत घातलेली. ताजी, आजची. मधल्या भागात हातानं पसरवल्याच्या रेघा.

धुरपताबाईला विचारलं. 'म्या नाई,' एवढंच. घरात गेल्या आणि कडी लावली. भर दुपारी.

६ एप्रिल

ती आलीय.

सकाळी गुणवंतरावांचा फोन. आवाज ओळखू येईना. 'ये.'

ओसरीवर बसली होती. साठीची, वाळलेली, केस पांढरे, कमरेशी गाठोडं. समोर धुरपताबाई, कुंपणाच्या पलीकडे अर्धं गाव. कोणी जवळ जात नव्हतं. तिनं मला पाहिलं आणि म्हणाली, 'मोठी झाली.'

मी काय बोलावं? पायाला हात लावला. पाय गार होते. एप्रिलमध्ये.

विचारलं, इतकी वर्षं कुठे होता? 'तिकडं,' म्हणाली, आणि सिरोंच्याकडे, तेलंगणाच्या सीमेकडे, हात केला. मधूनच तेलुगू शब्द येतो तोंडात. का गेलात? यावर बोलत नाही. नोटिशीचं कोणी सांगितलं? 'वाचून दाखोली एकीनं.' मोठेबाबा गेल्याचं सांगितलं तेव्हा पदर तोंडाला लावला नाही, रडली नाही. फक्त विचारलं, 'पानी कोन भरत होतं?'

८ एप्रिल

धुरपताबाई म्हणतात, 'तेच हाय.' शपथेवर सांगते म्हणतात.

गुणवंतराव म्हणतात, 'नाई.' का नाही, ते सांगता येत नाही. 'सुगंधाबाई माह्याशी नदरेला नदर देऊन बोले. हे खाली पाह्यते.'

बाबा आले. तिच्यासमोर पाट घेऊन बसले. तिनं भाकर थापून दिली. बाबांनी खाल्ली, हात धुतले, बाहेर आले. 'सोळा वर्षं झाली, पोरी. मले भाकरीची चव बी आठवत नाई.'

हिच्या उजव्या गालावर तीळ आहे; मोठीमायच्या होता का? फोटोत तो गाल सावलीत आहे.

१० एप्रिल

निशाताई: विश्वस्ताला खात्री नसेल तर त्यानं कोर्टाला विचारायचं. आणि दुसऱ्या लाभार्थीनं हरकत घेतली तर त्या बाईला पुरावा द्यावा लागेल. आधार नाही, काही नाही – ती हरेल. 'तू हरकत नाही घेतली, तर मात्र झालं. घर तिचं, ती मरेपर्यंत. नीट विचार कर.'

म्हणजे माझ्या एका सहीवर ही बाई मोठीमाय होते किंवा होत नाही.

१९ एप्रिल

आज एकटी गेले. तिनं माझं बोलणं ऐकून घेतलं. सगळं सांगितलं – क्वार्टर, अतुल, अर्ज, तुम्हाला मृत करायला निघाले होते तेही.

ती मोह निवडत होती. म्हणाली, 'तुह्या जागी म्या असती तं म्या बी तेच केलं असतं.'

'तुम्ही खरंच मोठीमाय आहात?'

वर पाहिलं. पहिल्यांदा डोळ्यांत डोळे घालून. भीती वाटली मला, कशाची ते कळलं नाही. तिच्या नजरेत मी ओळखीची होते, पण ती ओळख मी लहान असतानाची नव्हती. गेल्या काही महिन्यांत कोणीतरी मला आतून पाहत होतं, दारात उभी असताना, तशी.

'म्या कुठी जाऊ सांग,' ती म्हणाली. 'मंग तसं लिवून दे.'

कुठे जाऊ, हे मी गेली तीन वर्षं स्वतःला विचारतेय. याच शब्दांत.

२१ एप्रिल

हरकत नाही, असं लिहून दिलं. अर्ज मागे घेतला.  गुणवंतरावांनी वही उघडली, पेन काढलं. मग लिहिलं, 'प्रथम लाभार्थी आल्या, असे द्वितीय लाभार्थी म्हणतात.'



३० जून

क्वार्टर सोडलं. बाबांना नागपूरच्या गाडीत बसवून दिलं. मशीन टेम्पोत टाकून मी इकडे. तीच म्हणाली होती, 'माह्या घरी राह्य. मले पाहुणी ठेवाचा हक्क हाय ना कागदात?' आहे. पाचवं कलम.

२० जुलै

धानाची रोवणी झाली. चिखलात तिचे हात माझ्यापेक्षा भरभर चालतात. गावातल्या बाया आता तिच्याशी बोलतात. धुरपताबाई बोलत नाही. जिनं शपथ घेतली तीच.

ती मधल्या खोलीत झोपत नाही. ओसरीवर झोपते. लुगडं दांडीवर तसंच आहे, तेलाची बाटली तशीच. एकदा म्हटलं, आत झोपा की. म्हणाली, 'राहू दे. तिची जागा हाय.'

मग लगेच म्हणाली, 'माही.'

३ ऑगस्ट

मडकं मीच भरते आता. ओसरीवर वेगळं भरलेलं आहे, आम्ही दोघी त्यातलंच पितो. मधल्या खोलीतलं कोणी शिवत नाही. तरी कमी होतं.

तिला सांगितलं. ती भांडी घासत राहिली. 'म्या आली तवापासूनच पाह्यते,' म्हणाली.

२६ ऑगस्ट

पोलीस ठाण्यातून माणूस आला, लिफाफा देऊन सही घेऊन गेला. अर्ज केला तेव्हा कोर्टानं पोलिसांकडून अहवाल मागितला होता. अर्ज मागे घेतला, पण त्यांचं काम चालूच राहिलं. त्यांनी मोठीमायच्या, अंथरुणाला खिळलेल्या भावाचं रक्त नेलं होतं म्हणे. २०११ साली तेंदू तोडणाऱ्यांना नाल्याच्या खबदाडात सापडलेली बिननावाची हाडं त्याच्याशी जुळली. सुगंधाबाई मयत आहेत. सोळा वर्षांपासून.

दोनदा वाचलं. म्हणजे ट्रस्ट झाला त्या दिवसापासून घर माझंच आहे. मी तिच्याकडे पाहुणी नाही. ती माझ्याकडे आहे.

ती दारात उभी होती. 'काय लिवलं हाय?'

'तुमचं नाव आहे,' मी म्हणाले, आणि कागद चुलीत घातला. तो जळेपर्यंत आम्ही दोघीही मधल्या खोलीकडे बघत नव्हतो.