घरपट्टीचा बँड

ती. स्व. मामांस,

वाकून नमस्कार. (वाकलो की कमरेत उसण भरते, त्यामुळे नमस्कार जरा लांबला तर तो आदर समजावा.) तुमचा गुडघा काय म्हणतोय? मामींचा खोकला थांबला का? इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. दाराला सील लागायची वेळ आली की माणूस आपोआप मजेत राहायला शिकतो.

त्याचं असं झालं. बँडच्या तालमीच्या खोलीची घरपट्टी सहा वर्षं थकली होती. तुम्ही म्हणाल, सहा वर्षं हा झोपला होता काय? झोपलो नव्हतो मामा, वाजवत होतो. लग्नाचा मोसम संपला की भरू, असं दरवर्षी ठरवायचो आणि मोसमाबरोबर पैसेही संपायचे. शेवटी या महिन्याच्या सुरुवातीला वसुलीसाहेब कुलूप, लाख आणि दोन शिपाई घेऊन दारात उभे राहिले. खोलीला सील म्हणजे आतल्या सगळ्या वाद्यांना सील. ऐन मोसमात बँडवाल्याने काय तोंडाने ढोल वाजवायचा? पण आमची तालीम चालू होती. साहेबांनी कानात बोटं घातली, थोडा वेळ तसेच उभे राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एकदम तेज आलं. (कानात बोटं घालून विचार करणारा अधिकारी मी पहिल्यांदाच पाहिला.)

त्यांची योजना अशी. थकबाकीदाराच्या दारात जाऊन आम्ही बँड वाजवायचा. चारचौघांत अब्रू जाते म्हटल्यावर तो पैसे भरणार. आम्ही वाजवल्यावर जो भरेल, त्याच्यामागे ठरावीक रक्कम आमच्या थकबाकीतून वळती होणार. महिनाअखेर सगळी फिटली तर खोली आमची, नाही तर लाख तयारच आहे. मी लगेच हो म्हटलं. बायको म्हणाली, आधी घरी विचारायची पद्धत असते. पण सील समोर असताना कसली पद्धत?

पहिला आठवडा पार पाण्यात गेला. आम्हाला येतात ती लग्नातली गाणी. पहिल्याच दारात शेजारपाजारचे लोक चांगले कपडे घालून जमले आणि नवरा मुलगा कोणता म्हणून विचारू लागले. दुसऱ्या घरातल्या म्हातारबाईंनी खुर्ची बाहेर मांडून तीन फर्माइशी केल्या आणि मुलाला दटावलं, एवढ्यात पैसे भरू नकोस, उद्या पुन्हा येतील. एका निवृत्त मास्तरांनी तर घरपट्टीचं नाव न काढता आमचा ठेका सुधारला. अब्रू जायची ती बाजूलाच, लोकांची करमणूक होऊ लागली आणि ती फुकट!

तेव्हा साहेबांनी हुकूम काढला, बेसूर वाजवा. मामा, ऐकायला सोपं वाटतं. क्लॅरनेटवाले काका तर रडायलाच आले. जन्मभर सुरात वाजवलेला माणूस, बोटं चुकायलाच तयार होईनात. चुकीचा सूर लावायला गेले की बरोबर तोच लागे. आठ दिवस आम्ही बेसूर वाजवण्याची तालीम केली. (त्या आठ दिवसांत शेजाऱ्यांपैकी दोघांनी आपणहून स्वतःची घरपट्टी भरून टाकली. पण ती आमच्या खात्यात धरत नाहीत, कारण आम्ही रीतसर त्यांच्या दारात नव्हतो.) अखेर कर्णेवाल्याला पुढे केला. ज्याला मी इतकी वर्षं सगळ्यांच्या मागे, भिंतीकडे तोंड करून उभा करत आलो, तो मुळातच बेसूर. आता त्याचा रुबाब बघवत नाही. त्याने पहिली फुंकर मारली की मालक पाकीट घेऊन धावत येतो.

मधे एकदा आमचाही नंबर लागला. साहेब शिस्तीचे, यादीत आहे म्हणजे वाजवायचंच. मग मी माझ्याच खोलीसमोर उभा राहून माझ्याच अब्रूवर बँड वाजवला. बायको खिडकीतून बघत होती. खरं सांगतो, हसू आलं नाही मला तेव्हा. वडिलांनी उभी केलेली खोली, तिथेच मी पहिला ताल धरला, आणि तिच्या दारात हा तमाशा. पोरांचे दोन महिन्यांचे पगार माझ्याकडे अडकलेत, त्यामुळे त्यांनी मात्र त्या दिवशी जीव ओतून वाजवलं.

तरी एकूण हिशेब उत्तम चाललाय. सांगण्यासारखं एवढंच. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि तुम्ही प्रकृतीला जपा.

तुमचा,
बँडवाला भाचा

ता. क. आमची थकबाकी आता एका घरापुरतीच उरली आहे.

ता. क. २. ते घर तुमचं आहे. वरच्या मजल्याची पट्टी तुम्ही तो बांधल्यापासून भरलेली नाही, असं साहेबांकडून कळलं. मी तुमच्या बाजूने खूप बोललो. साहेब म्हणाले, नात्यातलं घर आहे तर कर्णेवाल्याला फाटकाच्या आत उभा करू.

ता. क. ३. आम्ही गुरुवारी सकाळी येतोय. आता खरी विनंती. पत्र वाचून तुम्हाला लाज वाटेल आणि तुम्ही बुधवारीच कचेरीत धाव घ्याल, ही मला धास्ती आहे. मामा, हात जोडतो, तसं काही करू नका. आधी भरलेले आमच्या खात्यात धरत नाहीत. पैसे तयार ठेवा, पण निदान एक गाणं पुरं होईपर्यंत दार उघडू नका.

ता. क. ४. मामींना या थकबाकीतलं काही ठाऊक नसेल, तर तुम्ही सांगण्याची तसदी घेऊ नये. गुरुवारी आम्ही सांगतोच आहोत.