उजवं फूल

ती. आबा,

हे पत्र धाडणार नाही. वाचलंत की बोलायला जाल, आणि घशाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बोलणं बंद ठेवलंय.

शिमग्यात तुमच्या जागी गावाचं गाऱ्हाणं कोणी घालायचं, म्हणून देवीच्या मूर्तीला फुलं चिकटवून कौल लावला. पुरुषांच्या नावांना फूल हललंच नाही. माझं नाव घेतलं आणि उजवं पडलं, म्हणजे देवीचा होकार. तिने माझ्यात काय पाहिलं असेल, आबा?

पालखीपुढे उभी राहिले आणि तुमचे सगळे शब्द विसरले. तोंडून एवढंच निघालं, "आई, हे मला झेपेल काय?"

मागून अख्खा गाव, गाऱ्हाण्याच्या दर वाक्याला गरजतो तसाच, सवयीने गरजला, "व्हय म्हाराजा!"

मग शब्द आपोआप आले. ते उत्तर गावाचं होतं, की तिचं?

तुमची,
तेजल