नौदलाच्या हिशेबावर आत्याबाईंचे आक्षेप

९ नोव्हेंबर ८६, सौंसर
सासऱ्याला नाही म्हणणारी सून माझ्यात अजून तयार झालेली नाही. वय त्रेचाळीस. आता होईल असं वाटत नाही.

मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, जुन्या ऑफिसातून पत्र आलं आहे. मुंबईचं, नौदलाचे हिशेब बघणारं सरकारी ऑफिस. त्यांची सगळी नोकरी तिथं गेली. स्मरणिका निघणार आहे. त्यात ऑफिसचा इंग्रजी इतिहास तिथलेच कोणी लिहितायत, मराठी मामाजींनी लिहावा. फेब्रुवारीअखेर हवा. मामाजी म्हणाले, "मी सांगतो, तू लिही. दोन पुस्तकं छापली तुही, हे तिसरं समज."

आत्याबाई, माझ्या सासूबाई, अंगणात संत्री निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सवतीची पोथी लिवून राहिले. अन् लिवनार कोन, तं सून!"

त्या ऑफिसला आत्याबाई सवतच म्हणतात. मामाजी तिकडे मुंबईला, त्या इथं संत्र्याच्या बागेत, दोन पोरं आणि सासू सांभाळत. वर्षातून एकदा रजा, बहुतेक पोळ्याला. मामाजी निवृत्त होऊन आले त्याला सहा-सात वर्षं झाली, पण जेवताना ऑफिसचं नाव निघालं की आत्याबाई आपलं ताट घेऊन आत जातात.

मोटार स्टँडवर सोडायला आले तेव्हा मामाजी म्हणाले, "छापून येवो, न येवो. तिनं एकदा पूर्ण ऐकावं, बस."

एवढ्यात आमच्या पांढुर्ण्याची गाडी लागली. मी मान हलवली. लिहीन म्हणून, की ऐकतील म्हणून, मलाच ठाऊक नाही.

१६ नोव्हेंबर, सौंसर
पहिलं प्रकरण झालं. इंग्रजांचा काळ. सुरुवातीला नौदलाला वेगळं हिशेबाचं ऑफिस नव्हतं. लष्कराच्या हिशेबाच्या एका कोपऱ्यात टेबलं टाकून काम चालायचं. जहाज समुद्रावर गेलं की त्याचे कागद महिनोन् महिने यायचेच नाहीत, आणि आले की दमट, एकमेकांना चिकटलेले. "मी लागलो तेव्हाही उन्हात पापडासारखे पसरून ठेवायचो आम्ही," मामाजी सांगत होते, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मी पेन थांबवून बघत बसले.

मग दुसऱ्या महायुद्धाची लढाई. माणसं हवी होती, भराभर भरती झाली, त्यात मामाजी लागले. लढाई संपली त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले, तेही लिहून घेतलं.

संध्याकाळी ओसरीवर मोठ्यानं वाचलं. पेढ्यांपाशी आले आणि आतून आवाज, "खोटं आहे."

मामाजी: "काय खोटं?"
"पेढे तुमी कुठी खाल्ले? तुमी इथं होते. दाढ सुजली होती. मीच लवंग देल्ली."

मामाजींचा हात गालाकडे गेला. आठवत राहिले. मग अगदी हळू, "अरे. हो की." पेढ्यांची गोष्ट ऑफिसात इतक्यांदा ऐकली होती, की ते पेढे आपल्याही तोंडात विरघळले असं त्यांना इतकी वर्षं वाटत होतं.

मला हसू आवरेना. मामाजी मात्र खूश! "आक्षेप आला, बाई. नोंदवून घे."

त्यांच्या ऑफिसची रीत: आक्षेप निघाला की तो खोडायचा नाही. ज्याच्यावर निघाला त्यानं उत्तर द्यायचं. आणि ज्यानं काढला त्याचं समाधान झालं, तरच त्यानं तो मिटवायचा. मोठा साहेब असला तरी परस्पर मिटवू शकत नाही.

उत्तर दिलं: 'पेढे इतरांनी खाल्ले.' आतून थोड्या वेळानं, "बरं. मिटवा."

२३ नोव्हेंबर
मामाजींनी जाहीर केलं: आत्याबाईंचा एकही आक्षेप शिल्लक असेल तर इतिहास मुंबईला जाणार नाही. पांढुर्ण्याला येऊन ह्यांना सांगितलं. कापसाच्या जिनिंग कारखान्यातून आलेले, मिशांवर, भुवयांवर कापूस. म्हणाले, "मंग गेलाच इतिहास. माय त्यायले पास करते का कधी?"

७ डिसेंबर, सौंसर
आत्याबाई आता दाराच्या चौकटीत बसतात. हातात काहीतरी काम असतंच: लसूण, तूर, पोत्याचं तोंड शिवणं. ऐकत नाही असं दाखवायला.

आज स्वातंत्र्यानंतरचं. गोरे साहेब गेले, आपले साहेब आले. पहिले आपले साहेब खुर्चीत बसेनात, नुसते खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले, म्हणून सगळं ऑफिस उभं. चहा येईस्तोवर उभंच. मग मामाजींचं काम: जहाजांच्या शिधासामानाचे हिशेब तपासणं. एका जहाजानं संत्री घेतली होती, मोजायला गेले तर वजनात कमी. आक्षेप निघाला. जहाजाचं उत्तर आलं, फळं वाळली. साहेबांना पटेना.

आत्याबाईंचा लसूण थांबला. "वाळते नं बाप्पा! संत्रं हाये ते, गोटा थोडीच हाये! तुमी सांगतलं नाही त्यायले?"
"सांगतलं."
"मंग?"
"मंग त्या थंडीत तू पाठवलेली टोपली ऑफिसात ठेवली. रोज वजन केलं."
"अन्?"
"वजन पटापट घटलं. वाळून नाही. येताजाता सगळे खात होते."

त्या अशा हसल्या! मी लग्न होऊन आल्यापासून आत्याबाईंचं हे हसणं पाहिलं नव्हतं. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी. मग एकदम सावरून, "माह्या टोपलीचं नाव आलं का त्याच्यात? नसन तं घाला." घातलं.

२१ डिसेंबर
आज आत्याबाई हरल्या. ऑफिस नव्या जागेत गेलं ते साल मामाजींनी सांगितलं. त्या म्हणाल्या, चुकलं. त्या वर्षी तुम्ही मिशा ठेवून आले होते आणि कुठल्याच नव्या जागेचं बोलले नाही. मामाजी म्हणाले, मी जन्मात मिशा ठेवल्या नाहीत. वाद. शेजारच्या काकू आल्या, त्यांना साक्षीला घेतलं. मिशा निघाल्या आत्याबाईंच्या भावाच्या, लोधीखेड्याच्या मामांच्या.

"दोघंही एकाच गाडीनं आले होते," आत्याबाई म्हणाल्या, "गर्दीत कोनाच्या मिशा कोनाले गेल्या, कोन पाह्यते!" आणि आक्षेप स्वतःच मिटवला.

पांढुर्ण्याला येताना गाडीत विचार. आम्ही दोघं तर वीस वर्षं एका घरात राहतो. ह्यांच्याबद्दल असं तपशीलवार भांडता येईल का मला?

४ जानेवारी ८७, पांढुर्णा
काल गंमत म्हणून ह्यांच्या शर्टाच्या खिशात चिठ्ठी टाकली. चार ओळी, बऱ्या होत्या. संध्याकाळी हे म्हणाले, "तो कागद दुधवाल्याचा होता का? मी देऊन टाकला त्याले."

दुधवाला आज माझ्याकडे बघत नव्हता.

११ जानेवारी, सौंसर
आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

मामाजींचं ऑफिसातलं शेवटचं टेबल. पुष्कळ वर्षं तेच होतं. खलाशी समुद्रावर असताना त्याच्या पगारातला काही भाग परस्पर त्याच्या घरी जायचा. तो वेळेवर पोचवणं हे ह्या ऑफिसचं काम. न पोचला की बायका ऑफिसला लिहायच्या. कोकणातून, केरळातून, पंजाबातून. दुसऱ्याकडून लिहून घेतलेली पत्रं. पैशांचं एका ओळीत, बाकी सगळं घरचं. पोरगा चालायला लागला. विहीर आटली. जहाज कुठं आहे ते सांगाल का.

जहाज कुठं आहे ते सांगायची परवानगी नव्हती. पण मामाजी प्रत्येकीला उत्तर द्यायचे. नियमाची दोन वाक्यं, आणि खाली आपल्या मनानं दोन: तब्येत सांभाळा. पोराचं नाव काय ठेवलं?

मी वाचत होते. मला वाटत होतं, ह्या इतिहासातलं सगळ्यात चांगलं पान हेच. आत्याबाई आज खाटेवर येऊन बसल्या होत्या, मामाजींच्या शेजारी. हातात काही काम नव्हतं.

वाचून झालं. त्या म्हणाल्या, "दुसऱ्यायच्या बायकायले चिठ्ठ्या लिवत होते तुमी."
मामाजी: "कामच होतं ते."
"पोराचं नाव काय ठेवलं, हे काम होतं?"
मामाजी खाटेचा काथ्या बोटानं ओढायला लागले.
"मले काहून नाही लिवली?"
"तुले वाचता कुठी येत होतं?"
"त्यायले तरी कुठी येत होतं?"

बागेत पोपटांचा गलका चालू होता. माझ्या हातातला कागद मी उगाच सारखा करत राहिले.

मग आत्याबाई माझ्याकडे वळून, शांतपणे, "नोंदव."

१८ जानेवारी, सौंसर
संक्रांतीचे तिळाचे लाडू घेऊन गेले. मामाजींचं उत्तर तयार होतं. वाचून दाखवलं: 'उपरोक्त आक्षेपाच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, तत्कालीन परिस्थितीत पत्रव्यवहार शक्य झाला नाही.'

आत्याबाई: "हे कोनी लिवलं? तुमी का तुमच्या सायबानं?"

लाडू तोंडात असताना हसू नये. मला ठसका लागला. मामाजींनीच पाणी आणून दिलं. आणि मग, पाण्याचा पेला तसाच हातात धरून, बोलले. मनीऑर्डर यायची तिच्यावरचा मजकूर पोस्टमन अंगणात उभं राहून मोठ्यानं वाचायचा. माय समोर बसलेली. शेजारपाजारचे जमलेले. "त्यायच्यासमोर काय लिहू? सर्व खुशाल, एवढंच लिहायचो. लाज वाटे."

आत्याबाईंनी ऐकून घेतलं. "हे खरं आहे," म्हणाल्या. "पोस्टमन लय आवाज करे." मग म्हणाल्या, "पन हे कारन झालं. चिठ्ठी कुठी आहे?"

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी लाडवांकडे.

२५ जानेवारी, सौंसर
मामाजींनी चिठ्ठी लिहिली आहे. मुंबईतल्या त्यांच्या पहिल्या महिन्यातली. म्हणजे आता लिहिलेली, पण तेव्हाची.

मी वाचायला घेतली, तर आत्याबाईंनी हात धरला. "तू नको. ज्यानं लिवली त्यानं वाचावं."

मामाजींनी चष्मा लावला. आवाज सरकारी नव्हता. "आज सगळे बोटी बघायला गेले. मी गेलो नाही. तू नसताना समुद्र बघायचं मनात आलं नाही."
"हे खोटं आहे. गेले असान."
"...गेलो होतो."
"मंग तसं लिवा."

मामाजी तिथंच ओसरीवर पेन घेऊन बसले. मी आत जाऊन भाकरी टाकायला घेतल्या. आतून ऐकू येत होतं: "आज समुद्र पाहिला. एवढं पाणी, आणि पिता येत नाही. तुला सांगितलं तर तू म्हणशील, मग कशाला ठेवलं?"

आणि आत्याबाई, हसत, "म्हटलंच असतं मी."

पहिली भाकरी करपली. दुसरीही.

८ फेब्रुवारी, सौंसर
एका चिठ्ठीवर आत्याबाईंनी आक्षेप मिटवला नाही. दुसरी मंजूर. तिसरी परत. 'खानावळीतलं जेवण ठीक होतं' असं होतं, आत्याबाईंनी विचारलं, ठीक म्हणजे काय? वरणात काय होतं? कोन वाढे? मामाजी डोकं खाजवत बसले आहेत. मी म्हटलं, मामाजी, इतकं तर मोठ्या साहेबांनीही छळलं नसेल. ते म्हणाले, "साहेबाले संध्याकाळी घरी जायची घाई असे."

ऑफिसचा इतिहास तिथंच थांबला आहे. सगळी प्रकरणं स्वच्छ लिहून झाली, एक आक्षेप उभा.

१७ फेब्रुवारी, पांढुर्णा
मामाजी डोळे तपासायला आमच्याकडे आले आहेत. डॉक्टरकडून येताना रिक्षा स्टेशनकडे वळवायला लावली. मला वाटलं गाड्या बघायच्या. तर कोटाच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं, आत्याबाईंचा पत्ता घातलेलं, आणि तिथल्या टपालपेटीत टाकलं.

म्हटलं, "अहो, परवा तुम्ही सौंसरलाच जाणार. हातानं द्या की."
"हातानं देली तं चिठ्ठी कशी होईन?"

आणि पेटीच्या तोंडात बोटं घालून पाकीट नीट आत पडलं की नाही ते बघत राहिले. मागे इटारसीकडे जाणारी गाडी उभी. एक बाई खिडकीतून त्यांच्याकडे बघून हसली. मीही.

घरी आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. ऐकून हे मिशांतला कापूस वेचत बसले. मग म्हणाले, "त्या दुधवाल्याजवळ असन का अजून तो कागद?"

२२ फेब्रुवारी, सौंसर
चिठ्ठी पोचली. पोस्टमन आता तरुण आहे, हळू बोलतो. आत्याबाईंनी पाकीट फोडलेलं नाही. मामाजी समोरच बसलेले, तरी फोडलं नाही. "दुपारच्या चहाले ऐकीन. आताच काहून?" सकाळभर पाकीट त्यांच्या कमरेला खोचलेलं. बागेत संत्र्यांची तोड चालू, मजुरिणी विचारतायत काय आहे ते. "बंबईचं आहे," म्हणाल्या. बस.

१ मार्च, सौंसर
मुंबईहून कार्ड. स्मरणिका छापायला चालली, मराठी इतिहास का आला नाही? आणखी पंधरा दिवस थांबतो म्हणतात.

मामाजी म्हणाले, "मला नको विचारू. आक्षेप तिचा आहे."

आत्याबाई मागच्या अंगणात केस वाळवत होत्या. जवळ जाऊन बसले. म्हटलं, "आत्याबाई, एवढा मिटवून टाका नं. छापून येऊ द्या, मामाजींचं नाव येईल."

त्यांनी केस झटकले. उन्हात पांढरेशुभ्र. मुलीसारख्या लाजल्या, मग माझ्या गुडघ्यावर चापट मारून म्हणाल्या, "थांब नं वो बाई. आता कुठी ते चिठ्ठ्यायत लढाई संपायपर्यंत आले. त्यायच्या दाढेची माही लवंग आत्ता येईन. त्याच्यापुढं गंजच वर्सं आहेत, पुरी नोकरी आहे."

कार्डाचं उत्तर लिहायला बसले आहे. स. न. वि. वि. लिहून झालं. ओसरीवर मामाजी वाचतायत, मध्येच त्या त्यांना अडवतायत. उत्तर असं लिहावं की, आमच्याकडील एका जुन्या प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत इतिहास पाठविता येणार नाही.