ट्रेगियर सरांची शिकवणी

हॅनकॉक, मिशिगन
१२ सप्टेंबर १९८७

चि. कीर्स्टीस, अ. उ. आ.

बाबांनी सॉनाच्या वाफेच्या खोलीतली चूल दुरुस्त केली, त्यामुळे शनिवारी अर्धी गल्ली आपल्याकडेच घाम गाळत बसली होती. माझं घोडं मात्र अडलंय. मेडिकलच्या अर्जाला दोन प्राध्यापकांची शिफारसपत्रं लागतात. जीवशास्त्राच्या बाईंनी लगेच दिलं. रसायनाला ट्रेगियर सर होते, ते आता निवृत्त झालेत. संध्याकाळच्या त्या भल्यामोठ्या वर्गात मी बेकरीतून थकून यायची आणि मागच्या बाकावर बसायची. कधी तोंड उघडलं नाही. गुण चांगले पडले, पण त्यांना मी कशी आठवणार? या वयात कुणाच्या दारात उभं राहून माझं कौतुक लिहा म्हणायचं, लाज वाटते गं. यंदा राहू द्यावं म्हणते.

तुझी आई

मिलवॉकी
२० सप्टेंबर १९८७

ती. आईस, सा. न. वि. वि.

राहू द्यावं? शाळेसाठी बिस्किटं विकायला मला लोकांच्या दारात कोण ढकलायचं? फार तर नाही म्हणतील, खाणार नाहीत तुला, असं तूच म्हणायचीस ना? आता मुकाट्याने जा. आणि बाबांचं ते तेलकट जाकीट घालून जाऊ नकोस. नाही गेलीस तर मीच सरांना फोन करून सांगेन, की आमची आई भित्री आहे.

रागावू नकोस, पण जाच.

तुझी कीर्स्टी

हॅनकॉक
१८ ऑक्टोबर १९८७

चि. कीर्स्टीस, अ. उ. आ.

गेले बाई एकदाची! सर अंगणात होडी पालथी घालून रंगवत होते. नाव सांगितलं, तर त्यांनी स्पष्टच सांगितलं, की तुम्ही मला आठवत नाही; ओळखत नाही त्या माणसाबद्दल खोटं कसं लिहू? मी मागे फिरले. रडूच यायचं बाकी होतं. तेवढ्यात त्यांनी हाक मारली. म्हणाले, शनिवारी येत जा आणि मला रसायन शिकवा. जे दिसेल ते लिहीन.

मग सुरू झाली आमची शिकवणी. सर मुद्दाम ढ विद्यार्थी होऊन बसायचे. काल तेच ते पुन्हा विचारत खिडकीतून बदकं बघायला लागले. माझा तोल गेला. म्हटलं, जन्मभर शिकवलंत आणि स्वतःला दोन मिनिटं लक्ष देता येत नाही? वर त्यांच्या पुढ्यातली मांस-बटाटा भरलेल्या पास्टीची बशीच उचलून घेतली! मग जीभ चावली. पण सर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, लगेच लिहायला बसले आणि पाकीट स्वतः टपालात टाकून आले. मला एक अक्षर दाखवलं नाही.

तुझी आई

हॅनकॉक
६ मार्च १९८८

चि. कीर्स्टीस, अ. उ. आ.

लागला गं नंबर! मुलाखतीला गेले तेव्हा तिथले डॉक्टर आधी सरांचं पत्र बघून गालातल्या गालात हसले आणि मग त्यांनी विचारलं, पेशंटच्याही पुढ्यातलं ताट काढून घेणार का? म्हटलं, साखर वाढलेली असेल तर नक्की घेईन.

काल पत्र आलं तशी तळ्यावर धावले. सर बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसले होते. मी लांबूनच ओरडले. गळाला नुकताच मासा लागला होता, तरी त्यांनी हातातलं सगळं टाकलं आणि आम्ही दोघं बर्फावर हात धरून नाचलो. भानावर येऊन पाहतो तर गळ, दोरी, मासा, सगळं भोकातून खाली गेलेलं! सर म्हणाले, जाऊ दे, आज त्या माशाचाही दिवस आहे.

माया अशीच राहू दे.

तुझी आई